कपाटाच्या किल्लीपासून सुरुवात: शाळेच्या ग्रंथालयात कवितेचा पंधरवडा

जूनमध्ये शाळा उघडते, वेळापत्रक लागतं, आणि एक दिवस मुख्याध्यापक बोलावून हातात किल्ली ठेवतात. "ग्रंथालय यंदा तुमच्याकडे." पूर्णवेळ ग्रंथपाल नसलेल्या शाळेत हे काम बहुतेक वेळा मराठीच्या शिक्षकाकडे येतं, आणि त्यातही जो नवा असेल त्याच्याकडे. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षं मराठी शिकवते आणि ग्रंथालय सांभाळते. जे करून पाहिलं आणि टिकलं, तेच इथे सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मुलाने स्वतः एक कविता निवडली, ती स्वतःच्या आवाजात कुणाला तरी वाचून दाखवली, आणि ती जिथून आली ते पुस्तक घरी नेलं, की तुमचा पंधरवडा झाला. पाहुणे, हार, फलक, फोटो हे सगळं यानंतरचं. पुढे कुठे गोंधळ उडाला, हे ठेवू की ते ठेवू असा प्रश्न पडला, तर या तीन गोष्टींपैकी कशाला मदत होते ते बघा आणि बाकीचं सोडून द्या.

तारीख कोणती धरायची

शाळेत वाचनाचे आणि भाषेचे ठरलेले दिवस असतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २१ मार्च जागतिक कविता दिन आणि २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. यादी चांगली आहे, पण शाळेच्या वर्षावर ती बसवून पाहा. ऑक्टोबरच्या मध्यावर सहामाही परीक्षा आणि दिवाळीची घाई. फेब्रुवारीत दहावीची मुलं तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि बोर्डात अडकलेली. मार्च-एप्रिलमध्ये सगळी शाळाच परीक्षेत. ते दिवस जरूर पाळा, पण मोठं काम तिथे टाकू नका.

मी ऑगस्ट धरते. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ग्रंथपाल दिन असतो. १३ ऑगस्टला बालकवींचा जन्मदिवस (१८९०, धरणगाव). २४ ऑगस्टला बहिणाबाई चौधरींचा (१८८०, असोदे). दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यातली. एक कवी सतराव्या वर्षी, १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात कविता म्हणून 'बालकवी' ही पदवी मिळवतो, तर दुसरी कवयित्री लिहिता-वाचता न येता घरात, शेतात, जात्यावर कविता रचते, आणि ती पुस्तकरूपाने येते तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. हायस्कूलच्या मुलांपुढे ठेवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. एक त्यांच्याच वयाचा, दुसरी त्यांच्या आजीसारखी. आणि बाहेर पाऊस असतो, श्रावणाचे दिवस असतात. कवितेत आलेलं हिरवं खिडकीतून दिसतं.

अडचण फक्त १५ ऑगस्टची. त्याआधीचे दोन-तीन दिवस मैदानावर कवायतीची तालीम चालू असते, नववीची मुलं हाती लागत नाहीत. त्यामुळे १२ तारखेला सुरुवात करा, १३ आणि १४ हलके ठेवा, खरं काम १६ नंतर घ्या आणि २४ ला समारोप. २४ ला रविवार किंवा सुट्टी आली तर आदला शाळेचा दिवस.

जुलै: कपाट उघडणं

बहुतेक शाळांत पुस्तकं असतात, ती कुलपात असतात इतकंच. मी पहिल्यांदा किल्ली घेतली तेव्हा एका कपाटात कवितासंग्रहांचा एक अख्खा खण असा सापडला की त्यावर कितीतरी वर्षांत एकही देवघेव नव्हती. कसर लागली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. त्यातले काही संग्रह नव्याने कुठे मिळतच नव्हते. तो खण पाहिल्यावर मी ठरवलं की कवितेची पुस्तकं पुन्हा कुलपात ठेवायची नाहीत.

एक पूर्ण दिवस काढा आणि आठवीची चार-पाच मुलं सोबत घ्या. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद केलेली वही, घेऊन कवितेची सगळी पुस्तकं बाहेर काढा. ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन लावलेलं ग्रंथालय असेल तर मराठी कविता ८९१.४६१ या क्रमांकावर मिळेल. पण शाळांमध्ये पुस्तकं बहुधा दाखल क्रमांकाने, म्हणजे आली त्या क्रमाने लावलेली असतात. मग कवितासंग्रह, व्याकरणाची पुस्तकं आणि शेतीवरच्या पुस्तिका शेजारी शेजारी बसतात आणि मुलाला काहीच सापडत नाही. सगळं ग्रंथालय नव्याने लावायच्या नादी लागू नका, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. फक्त कविता वेगळी काढा आणि तिला एक स्वतंत्र उघडी फळी द्या. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा, म्हणजे परत आलेलं पुस्तक कुठे जायचं हे मुलांनाही कळतं.

ओलसर पुस्तकं उन्हात टाकू नका, कागद तडकतो. पंख्याखाली, पानं उघडून उभी ठेवा. कसर लागलेली पुस्तकं बाकीच्यांपासून लांब ठेवा, मऊ ब्रशने पान-पान झाडा. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि खालची अक्षरंही घेऊन जाते. पातळ कागद आणि खळ पुरते.

पुस्तकं कमी निघाली तर? चाळीस संग्रह असतील तर उत्तम, पंधरा असले तरी पंधरवडा होतो. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र द्या आणि वीस पुस्तकं महिनाभरासाठी मागा. माझा अनुभव असा की नीट यादी करून, परतीची तारीख लिहून मागितलं तर नाही म्हणत नाहीत.

कार्डं: या सगळ्याचा कणा

मुलांच्या हाती एकदम संग्रह दिला तर ती चाळतात आणि ठेवून देतात. एवढ्या कवितांमधून आपली कुठली, हे त्यांना कळत नाही. म्हणून आधी एक कविता हाती द्यायची आणि तिच्यामागून पुस्तकाकडे न्यायचं.

२२ बाय २८ इंचाचं कार्डशीट घ्या. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की साडेपाच बाय सात इंचाची १६ कार्डं होतात. दहा शीटची १६० कार्डं. ६० मुलांच्या वर्गालाही निवडायला भरपूर उरतात. एका कार्डावर एकच कविता, हाताने लिहिलेली, कवीच्या नावासकट. कार्डाच्या मागे पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि पान क्रमांक. हा मागचा मजकूर विसरू नका. मुलाला कविता आवडली की तो कार्ड उलटतो, क्रमांक बघतो आणि फळीकडे जातो. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' अशी दोन सूत्रं आहेत. आपल्या शाळेत ती दोन्ही या कार्डाच्या पाठीवर राहतात.

कविता कुठल्या निवडायच्या? पहिली अट लांबीची: मोठ्याने वाचायला दीड मिनिटाच्या आत संपली पाहिजे. दुसरी, ती चालू पाठ्यपुस्तकातली नको. तिच्याखाली प्रश्न आणि गुण मुलांना दिसू लागतात. तिसरी, सगळ्या कविता निसर्गाच्या किंवा संस्काराच्या नकोत. भांडण, भूक, एसटी, मैत्रीण, राग, शेतातलं कर्ज, पाऊस न येणं, आईचं कामावर जाणं, हे सगळं मराठी कवितेत आहे आणि मुलांच्या घरातही आहे. दहावीच्या मुलाला बडबडगीत देऊ नका आणि पाचवीच्या मुलाला दुर्बोध काही देऊ नका. कार्डाच्या कोपऱ्यात लहान आणि मोठ्या गटासाठी एक बारीक खूण करून ठेवा.

चौथी अट माझ्या मनाला जास्त लागून आहे. वर्गात कोण कुठली भाषा घरी बोलतं ते आधी विचारा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोंकणी, गोरमाटी, पावरी, उर्दू, हिंदी. त्या भाषांतल्या निदान दहा-बारा कविता कार्डांत हव्यात. बा. भ. बोरकरांनी मराठीत आणि कोंकणीत दोन्हींत कविता लिहिली. त्यांची एकेक कविता दोन कार्डांवर शेजारी ठेवली की एकाच कवीच्या दोन जिभा मुलांना ऐकू येतात. बहिणाबाईंची बोली खानदेशातल्या लेवा घरांतली. एरवी 'शुद्ध बोल' म्हणून गप्प बसवलेलं मूल आपल्या घरची भाषा जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाहतं, तेव्हा ते ताठ बसतं. हे मी दरवर्षी पाहते.

कार्डं मुलांकडूनच लिहून घ्या. उतरवताना कविता आपोआप दोनदा वाचली जाते. र्‍हस्व-दीर्घ मात्र मूळ पुस्तकाशी स्वतः ताडून बघा, जुन्या कवितेतलं लेखन आजच्या नियमाने 'सुधारू' नका.

हक्काचाही प्रश्न येतो. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), मर्ढेकर (१९५६) यांच्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या नाहीत. वर्गात शिकवताना वाचणं, शाळेत मुलं-पालक-शिक्षकांपुढे म्हणणं याला अडचण नाही. पण हक्क असलेल्या संपूर्ण कविता छापून पुस्तिका वाटणं किंवा समाजमाध्यमांवर टाकणं परवानगीशिवाय करू नका.

एक तासिका, ३५ मिनिटं

१६ ऑगस्टनंतर प्रत्येक तुकडीला एक तासिका ग्रंथालयात आणा. खोली लहान असेल तर व्हरांड्यात सतरंजी टाका. कार्डं आधीच पसरून ठेवा, अक्षरं वर.

पहिली पाच-सात मिनिटं मुलांनी फिरायचं आणि एक कार्ड उचलायचं. आवडलं नाही तर परत ठेवून दुसरं घ्यायचं, कितीही वेळा. या वेळात तुम्ही बोलू नका. कोणी विचारेल, "बाई, कुठलं घेऊ?" तर सांगू नका, दोन कार्डं हातात द्या आणि म्हणा, यातलं एक तू ठरव. मग प्रत्येकाने आपली कविता स्वतःशी पुटपुटत वाचायची. एकदा मनात आणि दोनदा ओठांवर. साठ मुलं एकदम पुटपुटतात तेव्हा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येतो. शेजारच्या वर्गाच्या सरांना आधी कल्पना द्या.

मग जोड्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने कार्ड न बघता ऐकायचं, मग उलट. ही आठ-दहा मिनिटं सगळ्या तासिकेत महत्त्वाची. ज्या मुलाला वर्गापुढे कधीच उभं राहायचं नाही, त्यानेही इथे एका माणसाला कविता ऐकवलेली असते. जोडी तुम्ही लावू नका, मैत्रीण-मैत्रीण बसू द्या.

उरलेल्या वेळात ज्यांना वाटेल त्यांनी उठून सगळ्यांना वाचून दाखवायचं. पाच-सहा मुलं होतात. शेवटची पाच मिनिटं कार्ड उलटायचं, पुस्तक काढायचं, नोंद करायची. घंटा व्हायच्या आत निदान दहा पुस्तकं वर्गाबाहेर गेली पाहिजेत.

वाचून दाखवायची सुरुवात तुम्ही करा, आणि त्यासाठी घरी तयारी करा. कविता भाषणासारखी ठणकावून वाचू नका आणि लगेच चालही लावू नका. चाल लागली की मुलं चालीबरोबर जातात आणि शब्द मागे राहतात. ओळ जिथे संपते तिथे किंचित थांबा, वाक्य जिथे संपतं तिथे श्वास घ्या, आणि ही दोन ठिकाणं वेगळी असतील तर त्याकडे लक्ष द्या. कवीने तिथे काहीतरी केलेलं असतं. तीच कविता दोनदा वाचा. पहिल्या वाचनात मुलं आवाज ऐकतात, दुसऱ्यात कविता.

मग काय विचारायचं? 'कवीला यातून काय सांगायचे आहे?' हे विचारू नका. तो प्रश्न आला की मुलं वहीतलं उत्तर शोधू लागतात. मी तीन साध्या गोष्टी विचारते: काय दिसलं, कुठला शब्द अडला, कुठला शब्द घरी घेऊन जाशील. यापलीकडे जायची गरज क्वचित पडते.

एक उदाहरण देते. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता. वाचून झाली की मुलांना तिच्यातले रंग मोजायला सांगा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या, आणि शेवटी काळिमा. क्रमाने फळ्यावर लिहा. वरून खाली वाचलं की मुलांना आपोआप दिसतं की कविता उजेडाकडून अंधाराकडे चालली आहे आणि पांढरी पायवाट आपल्याला त्या काळ्या डोहाकडे घेऊन जाते. एका वर्षी नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण काळिमा गोड आहे." ती वाक्य बोलून खाली बसली आणि वर्ग काही क्षण गप्प झाला. त्यानंतर मी समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अक्षरं मोजायचा खेळही मुलांना फार आवडतो, विशेषतः गणितात रमणाऱ्यांना. तुकोबांचा 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं' घ्या. बाकावर बोटाने ठोके देत मोजा: आम्हां घरीं धन, सहा. शब्दांचींच रत्नें, सहा. शब्दांचींच शस्त्रें, सहा. यत्न करूं, चार. जोडाक्षर एकच धरायचं. हा मोठ्या अभंगाचा साचा. एकदा हात बसला की मुलं भजनात ऐकलेले अभंग आणून मोजू लागतात, आणि घरात रोज कानावर पडणारी गोष्ट कविता आहे हे त्यांना तेव्हा कळतं.

आजीच्या ओव्या

१६ ते २३ या दिवसांत घरी एकच काम द्या. आजी, आत्या, शेजारच्या काकू, ज्यांना कुणाला जात्यावरची ओवी येत असेल त्यांच्याकडून एक ओवी ऐकायची आणि जशी म्हटली तशी लिहून आणायची. बहिणाबाईंच्या कविता अशाच राहिल्या आहेत. त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरातल्यांनी लिहून ठेवल्या. आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्या छापल्या गेल्या. लिहून घेणारं कोणी नसतं तर आज त्या आपल्यापाशी नसत्या, हे मुलांना सरळ सांगा आणि मग वही हातात द्या.

सूचना अगदी नेमक्या द्या. शब्द बदलायचा नाही. समजला नाही तर तसाच लिहून बाजूला प्रश्नचिन्ह करायचं. म्हणणारीचं नाव, गाव, माहेर आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली, हे खाली लिहायचं, पण तिला विचारून. नाव नको म्हणाली तर नाव नाही. फोनवर आवाज मुद्रित करायचा असेल तरी परवानगी घ्यायची.

पहिल्या दिवशी निम्मी मुलं सांगतील, "आमच्या आजीला काही येत नाही." आजीनेच तसं सांगितलेलं असतं. कविता म्हणा असं म्हटलं की बायका नाही म्हणतात. 'दळताना काय म्हणायचीस?' असं विचारायला शिकवा. मग येतं. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, पहाटेचा अंधार. घरची जाती कधीच बंद झाली, पिठाची गिरणी आली आणि म्हणायचं कारण संपलं. ओव्या मात्र डोक्यात राहिल्या आहेत. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर अशा १ लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आहे, त्यातल्या कितीतरी ऐकताही येतात. शाळेत पडदा आणि ध्वनिक्षेपक असेल तर सुरुवातीला त्यातल्या दोन ऐकवा, मुलांना काय आणायचं ते लगेच कळतं.

आलेल्या ओव्या एका जाड वहीत एकेका पानावर चिकटवा, वहीला दाखल क्रमांक द्या आणि तिची नोंद ग्रंथालयात करा. आमच्या शाळेत अशा आठ वह्या आहेत आणि मुलं आपल्या मोठ्या बहिणीने आणलेलं पान शोधायला येतात.

मुलांनी लिहिलेलं

ज्यांना स्वतः लिहायचं असेल त्यांच्यासाठी एक पेटी ठेवा, नाव लिहिणं ऐच्छिक. यमकाची सक्ती नको. यमकाच्या मागे लागून मुलं जे म्हणायचं नव्हतं ते लिहून बसतात. सुरुवात यादीने करून द्या: आज सकाळपासून ऐकलेले दहा आवाज, किंवा दप्तरात असलेल्या पण कुणाला न दिसणाऱ्या गोष्टी. यादीतल्या एका ओळीवर थांबून तिच्यापुढे लिहायचं. लाल पेनाने काही दुरुस्त करू नका.

पेटीतलं सगळं तुम्ही आधी स्वतः वाचा. त्यात कधी घरातला मार, कधी जगणं नको वाटण्याबद्दल काही येतं. ते भित्तिपत्रकावर लावायचं नाही आणि स्टाफरूममध्ये बोलायचं नाही. अक्षर ओळखत असाल तर त्या मुलाशी एकट्याने, शांतपणे बोला. मुख्याध्यापकांना आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना सांगा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे, तो ग्रंथालयाच्या दारावर कायम लिहिलेला असू द्या.

देवघेव, आणि हरवण्याची भीती

इथेच बरेच जण अडतात. पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण, या भीतीने कपाटं बंद राहतात. मुख्याध्यापकांशी आधीच बोला आणि लेखी ठरवून घ्या: दरवर्षी काही पुस्तकं हरवतील, फाटतील, त्यांचं रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदीतून कमी करायची. दुर्मीळ असतील ती वेगळी काढा आणि फक्त ग्रंथालयात बसून वाचायला द्या. बाकीची जाऊ द्या.

नोंदवहीत दिनांक, दाखल क्रमांक, नाव, इयत्ता-तुकडी आणि परत आल्याची तारीख, इतकेच रकाने पुरतात. प्रत्येक तुकडीत दोन ग्रंथमित्र नेमा आणि नोंदी त्यांनाच करू द्या. वर्गातल्या हुशार मुलांनाच नेमू नका. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी हे काम दिलं होतं. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे त्याला वही न बघता सांगता यायचं. दंड आकारू नका. उशीर झालेल्या मुलाकडे दंडाचे पैसे नसले तर तो पुस्तकासकट ग्रंथालयच सोडतो.

समारोप

मी पहिल्या वर्षी काव्यवाचनाची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक, गुणपत्रक, तीन क्रमांक. आठवीतली एक मुलगी तिसऱ्या ओळीला अडली, समोर परीक्षकांनी काहीतरी लिहिलं, तिने ते पाहिलं आणि खाली उतरली. दोन वर्षं ती ग्रंथालयाच्या दाराशी फिरकली नाही. ती चूक माझी होती. त्यानंतर मी या पंधरवड्यात स्पर्धा ठेवलेली नाही.

समारोप ४५ मिनिटांचा करा. हवी तर सकाळी छोटी ग्रंथदिंडी काढा, पाऊस असेल तर व्हरांड्यातूनच. मग सभागृहात किंवा मोठ्या वर्गात गोल बसायचं. कार्ड हातात धरून वाचायचं, पाठ करायची सक्ती नाही. मुख्याध्यापकांना भाषणाऐवजी एक कविता वाचायची विनंती करा. आधी आठवडाभर त्यांच्या टेबलावर चार कार्डं ठेवून या. शिपाई मामा, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, गणिताचे सर, प्रत्येकाने एकेक. आमच्या मावशींनी पहिल्या वर्षी कार्ड घेतलं नाही, तोंडपाठ चार ओव्या म्हटल्या, आणि मुलांनी "अजून एक" म्हणून धरून ठेवलं. ज्या आज्यांनी ओव्या दिल्या त्यांना निरोप पाठवा. येतात. त्यांना खुर्ची पुढे द्या आणि सुरुवात त्यांच्यापासून करा.

कवी पाहुणे बोलावणार असाल तर प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवा, वीस मिनिटं कविता आणि वीस मिनिटं मुलांचे प्रश्न असं स्पष्ट सांगा, आणि त्यांची निदान दोन पुस्तकं आधी विकत घेऊन फळीवर ठेवा. अहवाल, फोटो, वृत्तपत्राला बातमी, ही कामं दुसऱ्या दिवशी एका बैठकीत उरका.

२५ ऑगस्टनंतर

कार्डं पेटीत भरून टाकू नका. ग्रंथालयाच्या दाराशी दोरी बांधून दर शुक्रवारी एक नवं कार्ड चिमट्याला लावा. कुठलं लावायचं ते ग्रंथमित्र ठरवतील. फळी उघडीच राहू द्या. मधल्या सुट्टीत तुम्ही नसाल तेव्हाही मुलांना पुस्तक नेता यावं म्हणून नोंदवही दोरीने टेबलाला बांधून ठेवा, पेनासकट.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल तेव्हा नवं काही उभारायला लागणार नाही. त्या दिवशी नोंदवही घेऊन बसा आणि ऑगस्टपासून कवितेच्या फळीवरचं कुठलं पुस्तक एकदाही बाहेर गेलेलं नाही ते शोधा. त्या पुस्तकातल्या तीन कविता निवडा आणि तीन नवी कार्डं लिहून त्या आठवड्यात दाराशी लावा.